विवाल्डीचं शीट म्युझिक सापडतं, पण जुळत नाही: कारणं आणि उपाय

तक्रार नेहमीची आहे. व्हायोलिन शिकणाऱ्याला इटालियन संगीतकार विवाल्डीचा ‘ए मायनर कन्चेर्टो’ (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) हवा असतो. नेटवर शोधलं की पीडीएफ दोन मिनिटांत मिळते, प्रिंट निघते आणि तालमीला बसल्यावर व्हायोलिन एक वाजवतं, पियानो दुसरंच. कधी पहिल्याच ओळीत घोळ कळतो, कधी पहिलं पान सुरळीत जातं आणि दुसऱ्यावर गाडी घसरते. बहुतेक वेळा दोन्ही प्रती आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त त्या एकाच रचनेच्या नसतात, किंवा एकाच रचनेच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांच्या असतात.

विवाल्डीने पाचशेच्या आसपास कन्चेर्टो लिहिले. त्यांतले कित्येक एकाच स्वरात (‘की’मध्ये), एकाच वाद्यासाठी आणि एकाच नावाने ओळखले जातात. त्यामुळे नावावर, स्वरावर किंवा ‘तो प्रसिद्ध असलेला’ एवढ्या खुणेवर शोध घेतला की चुकीची प्रत हाती येणारच. आरव्ही क्रमांक, म्हणजे विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला आकडा, कळल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका.

आरव्ही क्रमांक कसा काढायचा आणि कसा तपासायचा

डॅनिश अभ्यासक पेटर रियोम यांनी १९७०च्या दशकात विवाल्डीच्या रचनांची सूची केली. तिचे क्रमांक ‘आरव्ही’ने सुरू होतात आणि आज सगळे प्रकाशक, ग्रंथालयं आणि रेकॉर्ड कंपन्या तेच वापरतात. ऐकलेलं रेकॉर्डिंग हाच तुमचा आधार असेल, तर आधी त्या ट्रॅकच्या माहितीत आरव्ही आकडा आहे का ते बघा. चांगल्या रेकॉर्डिंगवर तो असतोच. शोधताना रोमन लिपीत आर आणि व्ही ही अक्षरं, मग एक जागा, मग आकडा आणि पुढे संगीतकाराचं नाव टाका.

मिळालेला आकडा बरोबर आहे का, हे पीडीएफ न उघडताही ताडता येतं. रियोमची सूची आधी वाद्यानुसार आणि मग स्वरानुसार लावलेली आहे. एका व्हायोलिनचे कन्चेर्टो १७० ते ३९१, चेलोचे ३९८ ते ४२४, आडव्या बासरीचे ४२६ ते ४४०, रेकॉर्डर (उभी बासरी) आणि छोट्या बासरीचे ४४१ ते ४४५, ओबोचे ४४६पासून, बसूनचे ४६६ ते ५०४. प्रत्येक गटात क्रम सी मेजरपासून सुरू होऊन बी मायनरला संपतो. म्हणजे ‘व्हायोलिन कन्चेर्टो, ए मायनर, आरव्ही १८०’ असं कुठे दिसलं तर काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं, कारण १८० हा आकडा सी मेजरच्या आसपासचा आहे. ए मायनर तीनशे पन्नाशीच्या पुढे येतो. नंतर सापडलेल्या रचनांना मात्र सूचीच्या शेवटचे, सातशे-आठशेंच्या घरातले आकडे मिळाले. तिथे हा हिशेब चालत नाही.

ए मायनरचाच घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून तो नीट सांगतो. ‘ए मायनर, ओपस ३’ (ओपस म्हणजे छापील संग्रहाचा क्रमांक) असे दोन कन्चेर्टो आहेत: ओपस ३ क्रमांक ६ म्हणजे आरव्ही ३५६, एका व्हायोलिनचा, आणि ओपस ३ क्रमांक ८ म्हणजे आरव्ही ५२२, दोन व्हायोलिनचा. विद्यार्थ्यांना हवा असतो तो बहुधा पहिला. आरव्ही ५२२ची बाखने ऑर्गनसाठी केलेली आवृत्ती बीडब्ल्यूव्ही ५९३ (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) म्हणून वेगळी सापडते, ती व्हायोलिनच्या साथीला उपयोगाची नाही. शिवाय चेलोचा आरव्ही ४१८, छोट्या बासरीचा ४४५, ओबोचा ४६१ आणि बसूनचा ४९७ हेही सगळे ए मायनरमध्येच आहेत.

जुना आकडा हातात असेल तर

जुन्या एलपीच्या पाठीवर, आजीआजोबांच्या काळातल्या छापील प्रतीवर किंवा एखाद्या संस्थेच्या कपाटात आरव्ही सापडत नाही. तिथे इतर आकडे असतात. ‘पी’ म्हणजे फ्रेंच अभ्यासक मार्क पेंशेर्ल यांची १९४८ची सूची. ‘एफ’ आणि पुढे रोमन अंक म्हणजे आन्तोनियो फान्ना यांची सूची. रोमन अंक वाद्य सांगतो, एक म्हणजे व्हायोलिन, तीन म्हणजे चेलो, सहा म्हणजे बासरी, आठ म्हणजे बसून. ‘टोमो’ म्हणजे रिकॉर्दी या इटालियन प्रकाशकाने मालिपिएरो यांच्या संपादनाखाली १९४७पासून काढलेल्या खंडांचा क्रमांक. सगळ्यात फसवे आहेत ते मोठे ओपस आकडे. विवाल्डीच्या हयातीत त्याच्या रचनांना ओपस १ ते १२ एवढेच खरे ओपस मिळाले. त्यामुळे कुठे ‘ओपस ४४ क्रमांक ११’ दिसलं तर तो रिनाल्दी यांनी १९४०च्या दशकात लावलेला आकडा आहे, विवाल्डीचा नव्हे. हाच कन्चेर्टो पेंशेर्लच्या सूचीत ७९वा आणि आजचा आरव्ही ४४३.

उपाय सोपा आहे. आयएमएसएलपी या मोफत शीट म्युझिकच्या साइटवर विवाल्डीच्या रचनांची आरव्ही क्रमाने यादी आहे आणि तिथल्या प्रत्येक रचनेच्या पानावर खाली ‘जनरल इन्फर्मेशन’मध्ये सूची क्रमांक, स्वर, मूव्हमेंट्स (रचनेचे भाग) आणि पहिल्या प्रकाशनाचं साल असतं. जुना आकडा शोधपट्टीत टाका, पान उघडा, स्वर आणि मूव्हमेंट्सची नावं जुळवा. दोन्ही जुळलं तरच पुढे जा.

जर्मन किंवा इटालियन कॅटलॉगात शोधताना स्वरांची नावं फसवतात. जर्मनमध्ये ‘बी’ म्हणजे आपला बी फ्लॅट आणि ‘एच’ म्हणजे बी. इटालियनमध्ये ‘ला मिनोरे’ म्हणजे ए मायनर, ‘सी बेमोल्ले माज्जोरे’ म्हणजे बी फ्लॅट मेजर. इटालियन ‘सी’ म्हणजे बी, आपला सी नव्हे. आपला सी तिथे ‘दो’ होतो.

नाव एक, रचना तीन

टोपणनावावरून शोध घेऊच नये. ‘ला तेम्पेस्ता दि मारे’ हे नाव निदान तीन रचनांना आहे: व्हायोलिनसाठी आरव्ही २५३ (ओपस ८ क्रमांक ५), बासरीसाठी आरव्ही ४३३ (ओपस १० क्रमांक १) आणि छोट्या वाद्यमेळासाठी आरव्ही ९८. ‘ला नोत्ते’ बासरीसाठी आरव्ही ४३९ आहे, त्याचंच चेंबर रूप (छोट्या वाद्यमेळासाठीचं) आरव्ही १०४ आणि बसूनचा त्याच नावाचा वेगळा कन्चेर्टो आरव्ही ५०१. ‘इल गार्देल्लिनो’ आरव्ही ४२८, आणि चेंबर रूप आरव्ही ९०. बासरीवादकांची हमखास चूक अशी की एकल भाग ओपस १०मधून घेतात आणि साथ चेंबर रूपातून. चाल बरीचशी सारखी असल्याने पहिल्या वाचनात लक्षात येत नाही, पण वाद्यांची वाटणी वेगळी असते आणि मधल्या ओळी रिकाम्या राहतात.

‘इल पास्तोर फिदो’, म्हणजे ओपस १३ म्हणून छापलेल्या सोनाटा, विवाल्डीच्या नाहीतच. १७३७मध्ये पॅरिसला त्या विवाल्डीच्या नावाने छापल्या गेल्या, पण रचना निकोला शेदव्हिल यांची आहे. बासरीच्या परीक्षेत जी मायनरची सहावी सोनाटा अजून वाजवली जाते आणि ती सुंदर आहे, जरूर वाजवा. फक्त शोधताना दोन्ही नावांनी शोधा, कारण नव्या आवृत्त्या शेदव्हिलच्या नावाखाली मिळतात. चेलोच्या ‘ओपस १४’ सोनाटांचा प्रश्न वेगळा आहे. रचना विवाल्डीच्याच, पण ओपस आकडा नंतर चिकटवलेला. तिथे आरव्ही ४०, ४१, ४३, ४५, ४६ आणि ४७ यांवरूनच शोधा.

क्रमांक बरोबर, तरी व्हायोलिन आणि पियानो जुळत नाहीत

आरव्ही ३५६ची मुख्य अडचण इथेच आहे, आणि मुंबई-पुणे-गोव्यात जे सुझुकी या जपानी शिक्षणपद्धतीने शिकतात त्यांना ती सगळ्यात जास्त जाणवते. सुझुकीच्या चौथ्या पुस्तकात या कन्चेर्टोची पहिली आणि तिसरी मूव्हमेंट आहे, दुसरी पाचव्या पुस्तकात. ती आवृत्ती मूळ विवाल्डीची नाही. हंगेरियन व्हायोलिनवादक तिवादार नाचेझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या शॉट प्रकाशनासाठी केलेल्या रूपांतरावर ती आधारलेली आहे. नाचेझ यांनी एकलवादकाच्या काही ओळी आपल्या काळाच्या रुचीप्रमाणे बदलल्या, गजाच्या खुणा आणि आवाजाचे चढउतार घातले आणि साथीतही भर टाकली. आयएमएसएलपीवरून घेतलेले वाद्यवृंदाचे पार्ट मात्र बहुतेक वेळा १७११च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या मूळ छापील प्रतीवरून टाइप केलेले असतात. सुझुकीचा सोलो आणि ते पार्ट एकत्र ठेवले की काही ठिकाणी हार्मनी भांडते आणि एकलवादकाला वाटतं साथीदार चुकतायत.

तालमीआधी दहा मिनिटं काढून एवढं तपासा. सोलो आणि स्कोअर शेजारी ठेवा आणि प्रत्येक मूव्हमेंटचे बार शेवटपर्यंत मोजा. संख्या वेगळी निघाली तर तिथेच थांबा. सारखी निघाली तरी सोलो जिथे जिथे नव्याने प्रवेश करतो तो प्रत्येक पहिला बार दोन्हीकडे स्वर न् स्वर ताडून बघा. सलग सेमीक्वेव्हरच्या लांब ओळी सगळ्यात आधी बघा, रूपांतरकार तिथेच हात घालतात. शेवटी मधली लार्गो मूव्हमेंट बघा. मूळ रचनेत तिथे एकलवादकाच्या खाली फक्त वरच्या तंतुवाद्यांची साथ आहे, चेलो आणि बास गप्प बसतात. तुमच्या प्रतीत लार्गोला भरगच्च बास दिसला तर ते रूपांतर समजा.

फरक निघाला तर दोनच रस्ते. परीक्षा किंवा सुझुकी वर्ग असेल तर सोलो आणि पियानो दोन्ही त्याच मालिकेचे घ्या. पियानोची साथ सुझुकीत वेगळ्या पुस्तकात मिळते. वाद्यवृंदासोबत वाजवायचं असेल तर सोलोही मूळ मजकुराच्या आवृत्तीतून शिका. बेरेनरायटर किंवा ब्राइटकॉफ यांच्या मूळावर आधारलेल्या आवृत्त्यांवर ‘उर्टेक्स्ट’ असं छापलेलं असतं. एका मजकुरात दुसऱ्याचे बार पेन्सिलने घुसवून जुळवाजुळव करू नका. त्याने एका जागेची अडचण सुटते आणि पुढच्या तीन जागी नवी उभी राहते.

पियानोच्या दोन प्रतींत उजव्या हाताचे स्वर वेगळे दिसले तर मात्र ती चूक समजू नका. विवाल्डीच्या काळी साथीला फक्त बासची ओळ आणि तिच्याखाली आकडे लिहीत. उजव्या हाताचं काम वाजवणारा त्या आकड्यांवरून करी. आज छापलेला उजवा हात संपादकाने लिहिलेला असतो, म्हणून प्रत्येक आवृत्तीत तो वेगळा.

रेकॉर्डिंगशी स्वर जुळत नाही

कानाने स्वर ओळखून प्रत शोधत असाल आणि ‘हा तर जी शार्प मायनर वाटतोय’ असं झालं, तर प्रत चुकीची नाही. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच गट ए हा स्वर ४१५ हर्ट्झला लावतात, आजच्या ४४०पेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली. ऐकलेल्या स्वरात अर्धा स्वर मिळवा आणि मग शोधा.

आरव्ही ४४३मध्ये तर स्वरबदलाची सोय मूळ हस्तलिखितातच आहे. कन्चेर्टो सी मेजरमध्ये लिहिलाय, पण विवाल्डीने वर वाद्यं चौथ्या स्वराने सरकवण्याची सूचना दिली आहे. म्हणून बाजारात तो सी मेजरमध्येही मिळतो आणि जी मेजरमध्येही. पिकोलोवाले सी घेतात, सोप्रानो रेकॉर्डरवाले बरेचदा जी. सोलो एका स्वरात आणि पार्ट दुसऱ्या स्वरात मागवले गेले की पैसे वाया जातात. ऑर्डर देताना आरव्हीसोबत स्वरही लिहून द्या. गिटारवाल्यांच्या लाडक्या डी मेजर आरव्ही ९३चं मूळ वाद्य ल्यूट आहे आणि साथीला दोन व्हायोलिन आणि बास एवढंच. तुमच्या संचात व्हायोला आली तर ती नंतर कुणीतरी घातलेली आहे. दोन ट्रम्पेटच्या आरव्ही ५३७साठी बी फ्लॅट ट्रम्पेटचा पार्ट वेगळा असतो. सीचा पार्ट घेऊन तसाच वाजवला तर अख्खं एक स्वर खाली ऐकू येईल.

ग्लोरिया गाणाऱ्या कॉयरसाठी

विवाल्डीचे डी मेजरमधले दोन ‘ग्लोरिया’ उपलब्ध आहेत, आरव्ही ५८८ आणि ५८९. गोव्यात आणि मुंबईत नाताळच्या सुमारास गातात तो ५८९. ओळखायची खूण म्हणजे तंतुवाद्यांच्या सुरुवातीच्याच सप्तकाच्या उड्या. ५८८ची सुरुवात वेगळीच आहे, तिच्या आधीच्या सोलो प्रवेशिकेत गुंफलेली. दोघांचा शेवटचा फ्यूग एकाच मूळावरचा असल्याने शेवटच्या पानांवरून ओळखायला जाऊ नका, फसाल.

५८९ विसाव्या शतकात पहिल्यांदा पुन्हा ऐकवला गेला तो १९३९मध्ये सिएना इथे, आल्फ्रेदो कासेल्ला यांनी. त्यांची छापील आवृत्ती मूळापेक्षा बरीच वेगळी आहे. जुन्या कॉयरच्या कपाटातल्या व्होकल स्कोअरवर कासेल्लांचं नाव दिसलं तर त्याच्यासोबत नवे वाद्यवृंदाचे पार्ट वापरू नका. मूळ वाद्यमेळ छोटा आहे: एक ट्रम्पेट, एक ओबो, तंतुवाद्यं आणि कन्टिन्युओ (बास आणि कीबोर्डची साथ). पार्टच्या संचात याहून जास्त वाद्यं निघाली तर ते रूपांतर आहे.

हस्तलिखितातून किंवा जुन्या छापील प्रतीतून वाजवायचं असेल तर

विवाल्डीच्या हस्तलिखितांचा मोठा साठा तुरीनच्या राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात आहे, फोआ आणि जोर्दानो या दोन संग्रहांत. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात त्याच्या काळातल्या नकला आहेत आणि त्या ग्रंथालयाच्या साइटवर मोफत बघता येतात. हस्तलिखितं वाचताना अडचण येते ती काही सवयी माहीत नसल्याने. खालची ओळ रिकामी आणि तिथे ‘युनिस’ असं लिहिलेलं म्हणजे वरच्या ओळीसारखंच वाजवा. बास गप्प असताना व्हायोलिनची साथ विवाल्डी बास क्लेफमध्ये लिहितो. ती एक सप्तक वर वाजवायची, चेलोला द्यायची नाही. मायनर स्वरांत सुरुवातीला एक फ्लॅट कमी छापण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणून जी मायनरला एकच फ्लॅट दिसला तरी घाबरू नका, दुसरा मध्ये मध्ये लिहिलेला असतो.

ओपस ३ मूळ आठ पुस्तकांत छापलाय: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो आणि एक बास व हार्प्सिकॉर्डचं. ‘आठ पार्ट आहेत, आमच्याकडे माणसं पाच’ ही तक्रार त्यातूनच येते. एका व्हायोलिनच्या कन्चेर्टोसाठी ही आठही पुस्तकं लागत नाहीत. आजच्या आवृत्तीत ती सोलो, दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो-बास आणि कीबोर्ड अशी आटोपशीर होतात. पंधराजणांच्या आतल्या गटाला एका स्टँडवर दोघे धरून सोलोची एक, पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या दोन-दोन, व्हायोला, चेलो, बास आणि कीबोर्डची एकेक, अशा नऊ प्रती पुरतात.

डाउनलोड, छपाई आणि कायदा

आयएमएसएलपीवर फाइलच्या चौकटीत ‘एडिटर’ आणि ‘कॉपीराइट’ या ओळी आधी वाचा, मग डाउनलोडवर क्लिक करा. सभासद नसलात तर पंधरा सेकंद थांबावं लागतं, पान बंद करू नका. ‘पार्ट्स’ आणि ‘अरेंजमेंट्स’ हे वेगळे विभाग आहेत. बासरी-गिटारसाठी केलेली रूपांतरं दुसऱ्यात असतात. लोकांनी टाइप करून इतर साइट्सवर टाकलेल्या प्रती वापरायच्या असतील तर आधी मूळाशी बार मोजून घ्या.

कॉपीराइटचा हिशेब विवाल्डीवरून करू नका, संपादकावरून करा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. नाचेझ १९३०मध्ये गेले, कासेल्ला १९४७मध्ये, म्हणून त्यांच्या आवृत्त्या मोकळ्या. मालिपिएरो १९७३मध्ये गेले. त्यांच्या संपादकीय कामाचा हिशेब धरला तर तो २०३३अखेरपर्यंत जातो. आजच्या उर्टेक्स्ट प्रतींचे झेरॉक्स काढून वाटू नका, विकत घ्या. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानाला आरव्ही क्रमांक, वाद्य, स्वर आणि प्रकाशकाचं नाव लिहून दिलं तर चुकीची प्रत येण्याची शक्यता फारच कमी होते.

परदेशी पार्ट बहुधा नऊ बाय बारा इंचांचे असतात. ए-फोरवर ‘फिट टू पेज’ केले की ते साधारण ९२ टक्क्यांपर्यंत आक्रसतात. तरुण डोळ्यांना चालतं, स्टँडवर दोघांना मिळून वाचायला त्रास होतो. झेरॉक्सवाल्याला ए-थ्रीवर दोन पानं शेजारी, एकाच बाजूला छापायला सांगा आणि स्केल शंभर टक्के ठेवायला सांगा. ए-थ्रीचं अर्धं म्हणजे पुन्हा ए-फोरच, त्यामुळे कडा कापल्या जातायत का हे पहिल्या एका पानावर बघून घ्या. समास रुंद असेल तर स्वर कापले जात नाहीत. अरुंद असेल तर स्केल ९५ करा.